अण्णांच्या विमानाचा रिमोट

धोंड्याच्या महिन्यात जावयानं सासुरवाडीला जावं, पोटभर जेवावं, वाण घ्यावं आणि तोंड बंद ठेवून परत यावं, इतकंच त्याचं काम असतं. पहिली तीन कामं मी व्यवस्थित पार पाडली. चौथ्यात चुकलो.

आष्टी तालुक्यातल्या कड्याला माझी सासुरवाडी. पुरणाचे धोंडे आणि त्यावर तूप अशा जेवणानंतर माणसाची बुद्धी पोटाकडे सरकते, तशी माझी सरकली होती. मी तक्क्याला टेकलो होतो. तेवढ्यात माझा मेहुणा अभिमन्यू माळ्यावरून काहीतरी काढायला चढला आणि एक पत्र्याचं खोकं खाली घेऊन उतरला. खोक्यावर दोन दांड्या, मध्ये एक सुईचा काटा, आणि ओढत गेलं तर माणसाच्या उंचीएवढी होणारी एरियल.

"दाजी, अण्णांच्या विमानाचा रिमोट," अभिमन्यू म्हणाला. "ह्या वर्षी भंगारात देऊन टाकतो."

"भंगारात कशाला?" मी म्हणालो. "आतलं जुनं मशीन काढायचं, नवं बसवायचं. आजकाल काहीच अवघड नाही त्यात."

मी अंबाजोगाईला कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. यंत्रांशी माझा संबंध कुकरची रिंग बदलण्यापलीकडे गेलेला नाही, आणि ती रिंगही बायकोनं नंतर सरळ करून बसवली होती. तरी मी हे वाक्य का बोललो, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. पुरणाकडे बोट दाखवून मी गप्प बसतो.

माझे सासरे गहिनीनाथअण्णा पलंगावर पडून होते. ते उठून बसले.

"मंग उडंल का, जावईबापू?"

"न उडायला काय झालं, अण्णा?"

या विमानाची हकीकत थोडी सांगायला हवी, कारण कड्यात ती सांगावी लागत नाही. अण्णा तरुण असताना त्यांच्या वडलांनी त्यांना बैल बघायला नगरला पाठवलं होतं. तिथं एक परदेशी साहेब सगळं सामान विकून मायदेशी निघाला होता. अण्णा बैलाऐवजी विमान घेऊन आले. दोन हात पसरावेत एवढं, लाकडी काड्यांचं, कागदानं मढवलेलं. अण्णांचं म्हणणं असं की एका सकाळी त्यांनी गावाबाहेरच्या माळावर ते उडवलं. एकट्यानं. बघायला कुणीच नव्हतं.

आणि इथंच सगळं बिघडलं. त्यांच्याच वर्गातले बबनराव, जे पुढे जन्मभर त्यांच्या विरोधात उभे राहिले, त्यांनी पारावर सांगून टाकलं, "गहिन्याचं इमान उडालं म्हनं. बघितलं कुनी? गहिन्यानं." तेव्हापासून अण्णा ज्या ज्या निवडणुकीला उभे राहिले, त्या प्रत्येक सभेत त्यांनी पाणी आणतो म्हटलं, रस्ता आणतो म्हटलं, की मागच्या रांगेतून कुणीतरी शांतपणे विचारायचं, "आधी इमान कुठंय ते सांगा." अण्णा ग्रामपंचायतीला पडले, सोसायटीला पडले. मोठी शेती, मोठा आवाज, आणि पडण्याचा अनुभव त्याहून मोठा.

सासूबाई बायनाबाई या लग्न होऊन आल्या त्या विमानाच्या नंतर. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि गावाच्या बाजूनं कौल दिला. आताही आतून पानाचं तबक आणताना त्या मला म्हणाल्या, "त्येंच्या नादी लागू नका. ते कदी उडालंच न्हाई."

अण्णांनी खोक्यावरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली.

मला वाटलं, विषय संपला. आठवड्यानं विजयमाला, म्हणजे माझी बायको, फोनवर बोलून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. "अण्णांनी पंच्याहत्तरी करायची ठरवलीय. मार्गशीर्षात. पत्रिका छापायला दिली." पुढे पत्रिकाच आली. सकाळी औक्षण, त्यानंतर श्री. गहिनीनाथअण्णा यांच्या शुभहस्ते विमानाचे उड्डाण, लगेच स्नेहभोजन. खाली, तंत्रसाहाय्य, प्रा. शिवशंकरराव, अंबाजोगाई, आणि कंसात जावई. प्रमुख उपस्थितीत पहिलंच नाव बबनरावांचं. ती पत्रिका अण्णा स्वतः त्यांच्या घरी देऊन आले होते.

त्या दिवशी मी पत्रिकेबरोबरच आलेलं ते खोकं पहिल्यांदा उघडलं.

शेजारी हनुमानराव राहतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि खातं बंद पडल्यासारखं झालं तरी ते अजून चालू आहेत. स्क्रू फिरण्याचा आवाज त्यांना भिंतीपलीकडून ऐकू आला असावा.

"शिवशंकरराव," ते खुर्ची ओढून म्हणाले, "फोन आणि रेडिओ एकच बरं का. फरक फक्त तारेचा. आमचा सगळा जन्म तार शोधण्यात गेला. तुमच्याकडे तारच नाही. म्हणजे तुमचं काम आमच्या निम्म्यानं सोपं."

हे मला पटलं. पुढच्या सगळ्या हालांचं मूळ या पटण्यात आहे.

झाकण निघालं तेव्हा आत जुन्या सेलमधून पाझरून साचलेली हिरवी बुरशी दिसली. वायरी कधीकाळी लाल, पिवळ्या, निळ्या असतील. आता सगळ्यांचा रंग चहासारखा झाला होता. मोबाईलवर एक माणूस सांगत होता की काहीही सोडवण्याआधी फोटो काढून ठेवा. मी काढला. सगळ्या वायरी सोडवून झाल्यावर फोटो बघितला, तर त्यात माझा अंगठा आला होता. अंगठा मात्र स्पष्ट होता.

काम म्हटलं तर एवढंच होतं. दांड्या जुन्याच ठेवायच्या, त्यांच्या मागचं सगळं काढायचं, तिथं नवं सर्किट बसवायचं आणि त्याचा जोडीदार विमानात ठेवायचा. विमानातलं धूर सोडणारं जुनं इंजिन काढून विजेची मोटर लावायची. पण दांडी कुठली कशाची, यावर मोबाईलमधल्या माणसांचं एकमत नव्हतं. एक म्हणे वेग उजव्या हाताला. दुसरा म्हणे डाव्या. तिसरा म्हणे दोन्ही बरोबर आहेत, आणि हा तिसराच मला सगळ्यात जास्त खोटारडा वाटला.

"जुन्याला वेग कुठल्या बाजूला होता?" हनुमानरावांनी विचारलं.

"उजवीकडे असावा. आत तसंच दिसतंय."

"मग तिथंच चूक झाली असणार. आपल्या देशात गाड्या डाव्या बाजूनं चालतात. वेग डावीकडेच पाहिजे."

"मोटरसायकलचा वेग उजव्या हाताला असतो," स्वयंपाकघरातून विजयमाला म्हणाली.

आम्ही दोघांनी यावर थोडा विचार केला आणि मोटरसायकल उडत नाही, या मुद्द्यावर तिचं म्हणणं बाजूला ठेवलं. मी वेग डाव्या दांडीला दिला.

नवं सामान मागवलं. सर्किट आलं, मोटर आली. बॅटरी येईना. चौकशी केली तर कळलं की अशी बॅटरी विमानातून पाठवायला बंदी आहे, त्यामुळे ती ट्रकनं येत होती. विमानाची बॅटरी विमानात चालत नाही, हे मी हनुमानरावांना सांगितलं तेव्हा त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. शेवटी ती आली, पण कुरिअरच्या ऑफिसात अडकली. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "आत काय आहे?" मी शिक्षकाला शोभेल अशा स्पष्टपणे सांगितलं, "बॅटरी, वायरी आणि रिमोटचं एक यंत्र." त्यानं पार्सलवरचा हात काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी मला पोलीस ठाण्यातून फोन आला.

ठाण्यात जमादारांनी मला बसवलं. माणूस शांत होता. पार्सल त्यांच्यापासून बरंच लांब, खिडकीत ठेवलेलं होतं.

"मास्तर, हे कशापायी?"

"काही नाही हो. फक्त उडवायचं आहे," मी म्हणालो.

ठाण्यातलं टायपिंग थांबलं.

"काय उडवायचंय?"

"सासऱ्यांचं," मी म्हणालो आणि मला ठसका लागला. खोकला थांबेपर्यंत जमादारांनी कागदावर 'सासरा' असं लिहून त्याखाली रेघ मारली होती.

पाणी पिऊन मी विमान हा शब्द उच्चारला, पत्रिका दाखवली, कंसातला जावई दाखवला. जमादारांनी पत्रिका दोनदा वाचली. त्यांना स्नेहभोजनाच्या ओळीनं धीर आला असावा.

"तुमी शिकवता काय?"

"अर्थशास्त्र."

"मंग ह्यात कावून पडलात?" त्यांनी खऱ्या सहानुभूतीनं विचारलं. "बरं, आसं करा. रात्री आकाशात डोरोन फिरत्यात म्हनून मागं लई बोंब झालती. लोकं गच्चीवर काठ्या घेऊन बसलेली. तहसीलचा कागद आना आन् पार्सल घेऊन जा. माझं काई म्हननं न्हाई."

तहसील कार्यालयात हा विषय कुठल्या टेबलाचा हे कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी ज्या टेबलावर पंखा होता, तिथं मला पाठवण्यात आलं. तिथल्या बाबूंनी अर्ज वाचून चष्मा काढला.

"खेळणं असेल तर परवानगी लागत नाही. विमान असेल तर ती आम्ही देत नाही. तुमचं नेमकं काय आहे?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन अण्णांना फोन लावला. "अण्णा, अर्जात खेळणं लिहिलं तर लगेच काम होतंय. लिहू का?"

अण्णा म्हणाले, "पन्नास वर्सं लोकं त्येच म्हनत्यात, जावईबापू. तुमी लेखी देऊ नका."

मी फोन ठेवला. इतका वेळ मी हे सगळं माझ्या अब्रूसाठी करतोय असं मला वाटत होतं. त्या व्हरांड्यात पहिल्यांदा कळलं की यात माझी अब्रू अगदी किरकोळ आहे. आत जाऊन मी लिहिलं, 'सदर वस्तू विमान असून आकाराने लहान आहे.' बाबूंनी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि त्यावर 'प्राप्त' असा शिक्का मारला. परवानगी मिळाली की नाकारली, हे मला आजतागायत कळलेलं नाही. जमादारांना शिक्का गोल आहे एवढं पुरलं.

यानंतर कड्याच्या माळ्यावरचं विमान माझ्या बैठकीत आलं. उंदरांनी कुरतडलेला कागद काढून मी पतंगाचा कागद चिकटवला. बॅटरी जोडली, खोकं चालू केलं आणि डावी दांडी हळूच वर सरकवली. पंखा गरगरला आणि विमान मागे निघालं. मागेच. दिवाणाखाली शिरलं आणि तिथं भिंतीला टेकून घरघरत राहिलं. बाहेर काढलं तेव्हा त्याच्या शेपटीत विजयमालाची हरवलेली चप्पल अडकली होती.

"चाललं ना?" हनुमानराव म्हणाले. "दिशा नंतर बघता येते."

मोटरच्या कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करा, असं मोबाईलवर सांगितलं होतं. केली. विमान पुढे जाऊ लागलं. या सबंध प्रकरणात पहिल्या फटक्यात जमलेली ही एकच गोष्ट आणि ती का जमली हे मला माहीत नाही.

शेपटीचं तसं झालं नाही. दांडी वर केली की शेपूट डावीकडे वळायची. ते सुधारलं की डावीकडे केल्यावर नाक खाली जायचं. तेही सुधारलं, तर सगळं बरोबर पण उलटं. शेवटी मी दांड्यांभोवती चिकटपट्टीचे तुकडे लावून वर, खाली, डावं, उजवं लिहिलं आणि विजयमालानं माझी परीक्षा घ्यायला सुरुवात केली. ती पोळ्या लाटताना "डावं" म्हणायची आणि मी मान उजवीकडे वळवायचो.

त्यातच गल्लीत बातमी पसरली. माझ्या खोक्याची ती एरियल आता नुसती शोभेला उरली होती, पण ती लांबून दिसायची. समोरच्या छबुबाईंचा टीव्ही गेला, त्यांनी गॅलरीतून मला हाक मारली. कुणाच्या मोबाईलची रेंज गेली, माझ्याकडे बोट. वीज गेली की लोक वीज कंपनीला फोन करण्याआधी माझ्या दारात येत आणि नम्रपणे म्हणत, "सर, तेवढं बंद करा." मी बंद करायचो. कधी कधी खरंच लगेच वीज यायची. मग मलाही शंका यायला लागली.

पंच्याहत्तरीच्या दिवशी कड्याच्या बाहेर अण्णांच्या तोडणी झालेल्या उसाच्या रानात मंडप पडला होता. बांधापलीकडे उभा ऊस, आणि तो बबनरावांचा. पहिल्या रांगेत बबनराव बसले होते. पांढरे कडक कपडे, पांढरी टोपी, हातांची घडी. अख्खं गाव आलं होतं, आणि जेवायला आलंय की बघायला, हे कुणाच्याही चेहऱ्यावरून कळत नव्हतं. आमच्या गाडीतून हनुमानरावही आले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण त्यांना तसं वाटलं नव्हतं.

औक्षण झालं. फेटा बांधलेले अण्णा माझ्याजवळ आले. मी खोकं गळ्यात अडकवून तयार होतो. चिकटपट्ट्या वाचत होतो.

"द्या इकडं," अण्णा म्हणाले.

"अण्णा, मी सराव केलाय. एकदा मी उडवतो, मग तुम्ही."

"पत्रिकेत कुनाचं नाव हाय?"

मी खोकं त्यांच्या गळ्यात घातलं. अण्णांनी चिकटपट्ट्यांकडे बघितलंही नाही. दोन्ही अंगठे दांड्यांवर ठेवले, डावी थोडी वर केली आणि अभिमन्यूच्या हातातल्या विमानाचा पंखा एकदम गरजला. अण्णांनी दांडी झटकन खाली घेतली.

"ही दांडी इकडं कशी? वेग उजव्या हाताला हुता."

"अण्णा, नव्या पद्धतीत तो डावीकडे असतो."

"कुनी सांगितलं?"

मी हनुमानरावांकडे बघितलं. हनुमानराव मंडपाचा खांब किती पक्का रोवलाय ते तपासत होते.

अण्णांनी एक विचित्र गोष्ट केली. हात एकमेकांवरून आडवे नेले. उजवा हात डाव्या दांडीवर आणि डावा हात उजव्या दांडीवर. छातीवर खोकं, त्यावर हातांची फुली, वर भगवा फेटा. लोकांत खसखस पिकली.

"फेक रं अभिमन्यू," अण्णा म्हणाले.

अभिमन्यूनं फेकलं. विमान आधी खाली गेलं, इतकं खाली की पुढच्या रांगेनं पाय वर घेतले. आणि मग ते उचललं. चढत गेलं. आचाऱ्यानं कढईतला झारा हवेतच धरला. पतंगाच्या कागदातून ऊन दिसत होतं. मंडपावरून ते एकदा फिरलं, दुसऱ्यांदा फिरलं, त्याची सावली बायकांच्या अंगावरून सरकत गेली आणि एवढ्या गर्दीत नुसती घरघर ऐकू येत होती. अण्णांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. बाळाला झोपवताना असतो, तसा तो चेहरा झाला होता. मी जावई असल्याचं विसरून तोंड उघडं टाकून बघत होतो.

बबनराव उठून उभे राहिले. माईक त्यांनी मागितला नाही. त्यांना तो लागत नाही.

"उडालं," ते म्हणाले. "न्हाई कशाला म्हनू? पन बे गहिन्या, आतलं मशीन कुनाचं? जावयाचं. मोटर नवी, बॅटरी नवी, वायरी नव्या. मंग हे तुझं इमान कसं? हे तुझ्या जावयाचं इमान. तुझं उडालतं का, ह्यो सवाल हाय तिथंच हाय."

लोकांत कुजबुज झाली. मी या युक्तिवादात चूक शोधू लागलो. शोधून सापडेना. महिनोन्‌महिने पोलीस, तहसील, छबुबाईंचा टीव्ही, हे सगळं सोसून मी माझ्या सासऱ्यांच्या बाजूचा एकुलता एक पुरावा स्वतःच्या हातानं स्क्रू काढून नष्ट केला होता. खोकं भंगारात गेलं असतं तर निदान त्यांची बाजू जिथल्या तिथं तरी राहिली असती.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला. "भावजी, एक इचारू का?"

बायनाबाई उभ्या होत्या. पदर नीट करून त्या दोन पावलं पुढे आल्या. गावच्या सभेत त्या कधी बोललेल्या कुणी ऐकलं नव्हतं.

"मशीन जावयाचं, मान्य. आमच्या जावयानं दांड्याबी उलट्या बसवल्या, त्येबी दिसलं. पन ज्यानं कदी चालवलंच न्हाई, त्येला दांड्या उलट्या झाल्यात हे कसं कळंल? ह्येंनी हात आडवे कावून घातले, तेवढं सांगा मला."

बबनराव हळूच खाली बसले. मी आयुष्यात केलेल्या चुकीचा इतका चांगला उपयोग आजवर कुणी केलेला नाही.

अण्णा आकाशातून नजर काढून बायकोकडे बघत होते. बघतच राहिले. विमान आपलं आपण दूरवर वळसा घेत होतं.

"माझ्याकडं काय बघताय?" बायनाबाई म्हणाल्या. "त्येला खाली घ्या. जेवनं खोळंबलीत."

अण्णा माझ्या कानाशी आले. "जावईबापू, खाली घ्यायचं मला तवाबी जमलं नव्हतं."

"म्हणजे? तेव्हा काय झालं होतं?"

"इहिरीत गेलतं."

मी खोक्याकडे झेपावलो. खोकं त्यांच्या गळ्यात, त्यांचे हात आडवे, माझे हात सरळ, दोन दांड्यांवर चार अंगठे. मी डावं म्हणत होतो, ते उजवं करत होते, आणि दोघांचंही बरोबर असावं, कारण विमान हवेत जागच्या जागी थबकल्यासारखं झालं. मग त्यानं नाक वळवलं आणि बांध ओलांडून बबनरावांच्या उभ्या उसात शिरलं. थोडी सळसळ झाली, बस.

पोरं, माणसं बांधाकडे धावली.

"थांबा," बबनराव गरजले. "माझ्या उसात कुनी पाय ठेवायचा न्हाई. तोड आलीय. सगळं रान तुडवाल."

"मंग इमान?" कुणीतरी विचारलं.

बबनरावांनी चपला काढल्या, पायजमा वर खोचला आणि स्वतः उसात शिरले. पांढरी टोपी थोडा वेळ दिसली, मग दिसेनाशी झाली. आम्ही सगळे बांधावर उभे राहून उसाचे शेंडे कुठं हलतात ते बघत होतो. ते भलतीकडेच हलत होते.

"बबनराव, डावीकडं," लोक सांगू लागले.

"कुनाच्या डावीकडं?" उसातून आवाज आला.

मला त्या माणसाबद्दल एकदम आपुलकी वाटली.

बऱ्याच वेळानं ते बाहेर आले. टोपी नव्हती. पाचटानं हातावर, गालावर ओरखडे उठले होते, कपड्यांना कुसळ चिकटलं होतं. पण विमान त्यांनी दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलं होतं. पानांनी कागद फाटू नये म्हणून असणार. एक पंख लोंबत होता. तसेच ते गर्दीतून चालत आले, लोकांनी वाट दिली, आणि अण्णांसमोर उभे राहिले.

"घे बे तुझं इमान," ते म्हणाले.

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं. ते जरा थांबले. आजूबाजूला सगळं गाव उभं होतं आणि सगळ्यांनी ऐकलं होतं. पण त्यांनी शब्द फिरवला नाही. अण्णांनी विमान घेतलं.

"लागलं का लई?"

"ऊस हाय. लागनारच."

तिकडे माईकवर माझं नाव पुकारलं गेलं. तंत्रसाहाय्याबद्दल जावईबापूंचा सत्कार. अभिमन्यू शाल आणि श्रीफळ घेऊन आला. मी शर्ट नीट केला, पुढे झालो. अण्णांनी शाल घेतली, उलगडली आणि समोरच्या बबनरावांच्या ओरखडलेल्या खांद्यांवर टाकली. नारळही त्यांच्याच हातात दिला. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, हात वर आलेच होते म्हणून.

पंगतीत ते दोघे शेजारी बसले. मी अण्णांच्या पलीकडे. बबनराव माझी शाल पांघरून जेवत होते. त्यांनी ताटातून नजर न काढता विचारलं, "तवा उतरवलंस कुठं रं?"

"इहिरीत गेलतं."

"मंग वर काढलंस कसं?"

अण्णांनी हातातला घास ताटात ठेवला. पन्नास वर्षांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. वाढपी जिलबी घेऊन आला, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं आणि सांगायला सुरुवात केली. सकाळचं धुकं, विहिरीचा कठडा, मोटेचा दोर. त्या गोष्टीत जावई कुठंच नव्हता, तो तेव्हा जन्मलाही नव्हता. तरी मी ऐकत बसलो, जिलबी मात्र माझ्यापर्यंत आली नाही.